मुंगसाचं रक्त आणि सुकी मासळी

वसंता गेल्याचं पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. हृदयाचा झटका, दोनच ओळी. या गोष्टीला दीड महिना झाला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो मुंबईत संशोधक झाला आणि मी रेवदंड्याला विज्ञान शिकवू लागलो. भातावर नवी कीटकनाशकं आली, तेव्हा ती रानातल्या जनावरांना किती बाधतात हे पाहायला तो आमच्याकडे आला आणि शाळेची प्रयोगशाळाच बळकावून बसला. पिंजऱ्यात मुंगूस धरायचं, कानाच्या शिरेतून दोन थेंब रक्त घ्यायचं आणि त्याला सोडून द्यायचं. रक्तातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, धड असलं, तर नळीतला हिरवा रंग पिवळा होई. विषाने ते दबलं, की हिरवा तसाच राही.

शेताकडच्या मुंगसांच्या नळ्या हिरव्या राहिल्या. तुलनेसाठी बिनविषारी जागेतली मुंगसं हवी होती, म्हणून आम्ही मासळी वाळवण्याच्या खळ्यामागची चार धरली. तिथे शेत नाही, फवारणी नाही. तरी नळ्या हिरव्याच! "तुझं रसायन नासलंय, ओतून दे," मी ठासून म्हणालो. शहाणपणा फार होता ना अंगात! त्याने ओतलं... पण रात्रभर अस्वस्थ होता. सकाळी ताजं रसायन करून त्याने आम्हा दोघांची बोटं टोचली. त्याची नळी पिवळी झाली. रोज सुके बोंबील खाणाऱ्या माझी हिरवटच राहिली.

मी त्याला खळ्यावर हिरामावशीकडे नेलं. ती तिथे मासळी वाळवायची; बोंबील मी तिच्याचकडून घेई, आणि मुंगसंही तिथलीच सांडलेली मासळी खात.

"मावशी, मासळीवर काय टाकता?" वसंताने विचारलं.

"माशा बसतान रं. भातावरची पावडर हाय ना, ती जरा भुरभुरवतो. सगल्याच करतान."

"ते विष आहे."

"मंग माजी मासली कोन घेनार? बाजारात बोंब मारशील तं आमी उपाशी!"

त्याने बोंब मारली नाही. जुनी लुगडी मासळीवर ताणून माशा अडवायला शिकवलं, दारोदार हिंडून नळ्या दाखवल्या. दोन महिन्यांनी खळ्यामागची मुंगसं पिवळी निघाली, आणि मीही.

परवा कपाट आवरताना त्याची वही सापडली. ओतून दिलेल्या चार नळ्यांपुढे लिहिलं होतं, 'फुकट गेल्या. चूक माझी.' मी टेबलाशी बसून रडलो. मग 'माझी' खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.