जनरलसाहेबांची गिनती

माझं शेवटचं पोस्टिंग फौजेनं दिलं नाही, नवऱ्यानं दिलं. बहरीन. नईम वस्तीत दोन खोल्या, खाली न्हाव्याचं दुकान. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. त्याआधी मी फौजी इस्पितळांत नर्सिंग ऑफिसर होते. शॉर्ट सर्व्हिस संपली, कॅप्टनचे स्टार खांद्यावरून उतरले. डोक्यातून उतरले नाहीत. भाजीवाल्यासमोर मी अटेन्शनमध्ये उभी राहून भेंडी मागायची. आमचे सुधाकरराव सित्र्याच्या प्लांटमध्ये टेक्निशियन होते, शिफ्टवरून दमून यायचे. ते मला घरातही कॅप्टनसाहेब म्हणायचे आणि मला तो मान वाटायचा. चेष्टा आहे हे कळायला बरीच वर्षं गेली.

काम मिळालं जुफैरला, एका उंच इमारतीच्या सातव्या मजल्यावर. पेशंट हेर ओटमार, जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. वय शहाऐंशी, जहाजांच्या इंजिनांचा माणूस. बायको वारलेली, मुलगी परदेशात. फुप्फुसं निकामी, दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन. माझ्या आधीच्या नर्सेस आठवडाभरही टिकल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी मी आत गेले आणि कडक सॅल्यूट ठोकला. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करत नाहीत, हे पहिल्या आठवड्यातल्या रिक्रूटलाही ठाऊक असतं. म्हातारा बघत राहिला. मग म्हणाला, "टोपी नाही, सॅल्यूट नाही. रँक?"

"कॅप्टन, सर."

"माझे आजोबा जनरल होते."

भिंतीवर फोटो होता. प्रशियन फौजेचे जनरल फॉन ट्रेल्निट्झ. मिशा अशा की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत.

त्या दिवसापासून ड्यूटी ठरली. सकाळी टेम्परेचर, बीपी, पाठ पुसणं, नेब्युलायझर, आणि जनरलसाहेबांचं चरित्र. बोलणं इंग्रजीत, अडखळत, दर वाक्याला दम खात. नेब्युलायझरचा मास्क चढवला की चरित्र थांबायचं, काढला की त्याच शब्दापासून पुढे. दहाव्या वर्षी कॅडेट स्कूल. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, रडलास तर पुन्हा आंघोळ. लेफ्टनंट झाले ते डेन्मार्कच्या लढाईच्या कितीतरी आधी. ऑस्ट्रियाशी लढताना मांडीत गोळी. फ्रान्सशी लढाई झाली तेव्हा मेजर, हाताखाली बटालियन. घरी जेवताना सुधाकरराव विचारायचे, "आज तुमचे जनरल कुठवर आले?" मी सांगायची. ते भात कालवता कालवता पेंगायचे.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, तुमच्या आजोबांच्या नावात फॉन होता, खानदानी घराण्याची खूण, म्हणून त्यांना दहाव्या वर्षी आत घेतलं. माझ्या पणज्यांच्या वेळी आमच्या लोकांना इंग्रजांनी फौजेची भरतीच बंद केली होती, नुसती जात बघून. माझे वडील हवालदार म्हणून रिटायर झाले, ते फार पुढे.

"आणि तू कॅप्टन."

"यस सर."

"मग बस. किती दिवस उभी आहेस?"

तोवर त्या घरात मी खुर्चीवर बसलेच नव्हते. पाय सुजायचे, पण पेशंटसमोर बसायचं नाही ही माझी ऐट. सांगितलंय कुणी? कुणीच नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. फ्रान्सच्या लढाईत सलगमाच्या एका शेतापाशी जनरलसाहेबांची बटालियन उभी असायची, सकाळ असायची, धुकं असायचं, आणि पुढच्याच वाक्यात त्यांच्या छातीवर पदक यायचं. मधलं काही नाही. मी विचारलं की हेर ओटमार म्हणायचे, "औषधाची वेळ झाली." आणि वर एवढंच, की आजोबांनी जागा कधी सोडली नाही.

जुलैत एका दुपारी वीज गेली. एसी बंद, लिफ्ट बंद, ऑक्सिजनचं मशीन बंद. मी लगेच राखीव सिलिंडर लावला. तो तात्पुरता, फार तर थोड्या वेळाचा. फोन चालू होता. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, उन्हाळ्यामुळे गाड्या सगळ्या बाहेर आहेत, येतो, इंशाल्ला. मी खाली कोल्ड स्टोअरमध्ये फोन केला. दुकान हसनभाईंचं, रत्नागिरीचे, आमचं दूध-अंडी तेच वर पाठवायचे. ते दोन माणसं घेऊन सात जिने चढून आले, घामानं निथळत. बेत साधा होता. खुर्चीत बांधायचं, खाली उतरवायचं, त्यांच्या पिकअपमधून हॉस्पिटल.

हेर ओटमारनी पलंगाची कड धरली. "मी हलणार नाही. ही ऑर्डर आहे."

आणि तुमच्या या शूर कॅप्टननं काय केलं? टाचा जुळवल्या. "यस सर," म्हणाली आणि उभी राहिली.

हसू नका. पाच वर्षं ज्या शब्दावर उठली-बसली, तो शब्द कानावर पडल्यावर पाय आधी ऐकतात. सिलिंडरचा काटा खाली येत होता. म्हाताऱ्याचे ओठ निळसर व्हायला लागले होते. खोली भट्टीसारखी तापली होती. मी उभी.

हसनभाई म्हणाले, "बाय, तू नर्स हायस का शिपाय?"

खरं तर दोन्ही होते, आणि त्यावरूनच सुचलं. समजावून तो माणूस ऐकणार नव्हता. जबरदस्तीनं उचलला असता तर धडपडून जिन्यातच गेला असता. मी पलंगासमोर आले आणि रिपोर्ट दिला, जसा वरिष्ठाला देतात.

"सर, पोस्टवर दोन जण. एक ड्यूटीवर, एक जखमी. ऑक्सिजन संपत आला आहे. मदत येईल याची खात्री नाही. पोस्ट टिकवता येणार नाही. मागे हटायची परवानगी मागते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग परत माझ्याकडे. हसनभाईंना इंग्रजी बेताचंच, पण त्यांनी दोरी उलगडून हातात तयार ठेवली.

"परवानगी आहे," हेर ओटमार म्हणाले. "आधी जखमी."

"जखमी तुम्हीच आहात, सर."

"मग मी आधी."

"यल्ला, चला," हसनभाई म्हणाले आणि खुर्ची उचलली. मी सिलिंडर कडेवर घेऊन मागोमाग. दुसऱ्या मजल्यावर माझी चप्पल तुटली, पुढचे जिने अनवाणी. हॉस्पिटलच्या दारात काटा शून्याला टेकला. आत नेल्यावर मी भिंतीला टेकून बसले ती सुधाकरराव येईपर्यंत उठले नाही. हसनभाईंनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. येताना ते नवी चप्पल घेऊन आले होते. एक साईझ मोठी.

दोन दिवसांनी हेर ओटमार बोलायला लागले. मी नळ्या तपासत होते, आणि त्यांनी स्वतःहून ते शेत उघडलं.

धुकं विरल्यावर शेतात आडोसा राहिला नाही. शेजारची बटालियन मागे गेली. मेजर ट्रेल्निट्झ वीटभट्टीच्या भिंतीमागे होते. त्यांचा ॲडज्युटंट, म्हणजे त्यांचे हुकूम पोचवणारा कोवळा लेफ्टनंट, धावत आला आणि म्हणाला, जागा टिकणार नाही, मागे हटायची परवानगी द्या. मेजर म्हणाले, वरून हुकूम नाही. ॲडज्युटंटनं सॅल्यूट केला आणि शेतात परत गेला. हुकूम संध्याकाळी आला. तोवर मागे बोलावण्यासारखं फारसं कुणी उरलं नव्हतं. जागा सोडली नाही म्हणून पदक मिळालं. मग कर्नल, मग जनरल.

"त्यानं असंच विचारलं होतं," हेर ओटमार म्हणाले. "तू विचारलंस तसं."

रिटायर झाल्यावर जनरलसाहेब रोज संध्याकाळी बागेत उभे राहून गिनती घ्यायचे. आपल्या फौजेत संध्याकाळच्या हजेरीला गिनतीच म्हणतात. त्या शेतात राहिलेल्यांची नावं, एकेक करून. कागद नाही, सगळी पाठ. व्हरांड्यात त्यांची बायको मटार सोलत बसायची आणि प्रत्येक नावाला मान वर न करता म्हणायची, "हजर." घरात यावर कधी कुणी बोललं नाही. ॲडज्युटंटचं नाव शेवटी यायचं. तेवढ्याला ती हातातली शेंग खाली ठेवायची.

हेर ओटमार त्या हिवाळ्यात गेले, झोपेत, त्यांच्याच पलंगावर. स्वतः कुठल्या लढाईत होते, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. वयाचा हिशेब केला तर कुठेतरी असणारच. शेवटच्या दिवशी मी ड्यूटी संपवून निघताना सॅल्यूट केला. टोपी नव्हतीच. त्यांनी चूक काढली नाही.

ते गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी नईमच्या घरी मी भाकऱ्या थापत होते. कुणाला न सांगता, पुटपुटत गिनती सुरू केली. फौजेत माझ्या वॉर्डात गेलेली पोरं होती. डी.आय. लिस्टवर, म्हणजे अत्यवस्थांच्या यादीवर, नाव चढलं की आम्ही त्यांच्या घरी तार पाठवायचो, आणि बहुतेकदा घरचे पोचायच्या आत पलंग रिकामा व्हायचा. शिपाई दगडू. लान्सनायक बलविंदर, जो पाणी मागायचा आणि आम्हाला देता यायचं नाही. सिग्नलमॅन थॉमस. शेवटी हेर ओटमार. बाहेरच्या खोलीतून, टीव्हीवरची नजर न काढता, सुधाकरराव प्रत्येक नावाला म्हणाले, "हजर."

त्यांना ती गोष्ट मी जेवताना सांगितली होती. मला वाटलं होतं ते पेंगत होते.

आता गिनतीत त्यांचंही नाव आहे. मुलगा इथेच, बहरीनला नोकरीला, मी त्याच्याकडे. गुडघे गेले, खुर्चीत बसूनच नावं घेते. नातीला मराठी कळतं, बोलायचा कंटाळा. ती सोफ्यावर उलटी लोळत फोन बघत असते. मी सुधाकर म्हणते आणि थांबते. त्यांच्या हयातीत मी त्यांना नावानं हाक मारली नव्हती.

"प्रेझेंट, आजी," ती म्हणते, आणि तेवढ्यापुरता फोन पालथा ठेवते.