आबांनी पसंत केलेलं कॉलेज

मी मॅट्रिक पास झालो, तेव्हा त्याचा अर्थ कळणारी माणसं आमच्या खोऱ्यात दोनच होती. एक मी आणि दुसरे वेल्ह्याच्या शाळेचे मास्तर. आमच्या पासली गावातल्या बाकी सगळ्यांना एवढंच समजलं, की हे पोरगं आता भोरातसुद्धा राहणार नाही, थेट खालसात जाणार. आमचा मुलूख भोर संस्थानचा आणि पुणं इंग्रजांचं, म्हणून ते खालसा. अंतर म्हणाल तर दोन दिवसांचं. पण ‘खालसात गेला’ हे आमच्याकडं परदेशी गेल्यासारखं म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली जाई.

आमच्या घरात तो अगदीच खाली जाई, कारण माझा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत कामाला होता आणि तिथंच तापानं गेला होता. आम्हाला कळलं तेव्हा तेरावा दिवसही उलटून गेलेला. आबा एकदाच मुंबईला जाऊन त्याची वळकटी घेऊन आले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी आईला सांगितलं नाही, मला तर नाहीच नाही. त्यानंतर घरातलं कुणी परमुलखात जायचा विषय काढला की आबा उठून गोठ्यात जात.

आणि आता मीच तो विषय काढला होता. संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली होती, कॉलेज कुठलं ते आम्हीच ठरवायचं होतं. चार दिवस आबा गोठ्यात राहिले म्हटलं तरी चालेल. पाचव्या दिवशी भाकरी खाता खाता म्हणाले, “कालिज कंचं बी असू दे. पर आदी मी जागा बघणार. पोरं ऱ्हात्यात कशी, जेवत्यात कशी, हाक मारली तर माणूस येतंय का न्हाई, ते बघणार. आन सध्या एकच टर्म. दिवाळीला काय ते ठरवू.”

‘टर्म’ हा शब्द त्यांनी वेल्ह्याच्या मास्तरांकडून नुकताच उचलला होता आणि तो ते बैलाचं नाव घ्यावं तशा मायेनं वापरत.

जूनच्या अखेरीस आम्ही निघालो. रोपं वीतभर झाली होती, लावणीला अवकाश होता. वेल्ह्यापर्यंत पायी, नसरापूरपर्यंत ओळखीच्या बैलगाडीतून, पुढं मोटार. शिवरे मागं पडलं आणि जरा वेळानं आबा म्हणाले, “सरलं आपलं राज्य.” मग कात्रजचा बोगदा येईपर्यंत ते मागं वळून डोंगराकडं बघत होते.

भोरच्या माझ्या हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी मला दोन कॉलेजांची नावं दिली होती. त्यांतल्या पहिल्यावर माझा जीव जडला तो फाटकातच. दगडी इमारत, वर मनोरा, आत एवढं मोठं ग्रंथालय की मी दारातच चपला काढल्या. वसतिगृहात प्रत्येकाला स्वतंत्र खोली. खोलीत टेबल, खुर्ची, खिडकी, आणि खिडकीबाहेर गुलमोहर. कुठं आवाज म्हणून नाही. मी मनातल्या मनात एका खोलीत माझी पुस्तकं मांडूनसुद्धा टाकली.

आबा एका बंद दारासमोर उभे राहिले. दाराला हात लावून पाहिला, कान लावून पाहिला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग मला म्हणाले, “दार लावल्यावर आत माणूस आजारी पडलंय, हे कळायचं कसं?”

“आबा, हितं अभ्यासाला शांतता लागतीय.”

“शांतता लई हाय,” ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरायला लागले.

दुसऱ्या कॉलेजात जाताना मी तोंड फुगवून चालत होतो. गावाबाहेर माळावरची बैठी कौलारू इमारत, एका खोलीत तिघं, आणि पुढं मोकळं मैदान. त्या मैदानात दहा-बारा पोरं घामाघूम होऊन एक भलामोठा लोखंडी रूळ ओढत होती. काही जण गवत काढत होते, काही खडे वेचत होते. व्हरांड्यात एक चष्मेवाले गृहस्थ हातात घड्याळ धरून उभे होते.

आता, आमच्या डोंगरातली एक रीत सांगितली पाहिजे. एखाद्याचं शेत मोठं असलं किंवा घरी माणूसबळ कमी असलं, की सारा गाव एका दिवसासाठी त्याच्या कामावर जातो. मजुरी नाही, फक्त संध्याकाळी पोटभर जेवण. याला आम्ही इर्जिक म्हणतो. आणि इर्जिकीच्या बांधावरून कुणी नुसता निघून जात नाही. पाहुणा असो, वाटसरू असो, दोन पावलं तरी हात लावायचा. न लावणं हा अपमान समजतात.

आबांनी मैदानाकडं पाहिलं, आणि त्या दिवसात प्रथमच त्यांचा चेहरा उजळला. “इर्जिक हाय रं!” ते म्हणाले. पागोटं काढून त्यांनी माझ्या पिशवीवर ठेवलं, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि रुळाच्या दांड्याला जाऊन भिडले. मग माझ्याकडं वळून बघत उभे राहिले. मलाही ती इर्जिकच वाटली होती, खोटं कशाला सांगू. पण मी रुसलो होतो. एक क्षण वाटलं, ओढू देत एकट्यांनाच. मग एका उंच खानदेशी पोरानं बाजूला सरून दांड्यावर माझ्यासाठी जागा केली, आणि मी पिशवी खाली ठेवून हात लावला.

अर्धा तास आम्ही रूळ ओढला. आबा मध्येच ‘हुर्र’ म्हणून बैलांना देतात तसा आवाज देत, आणि पोरंही तसाच देऊ लागली. शेवटी चष्मेवाले गृहस्थ जवळ आले. “आपण कोण?” त्यांनी विचारलं.

“पासलीचं हाओत, मास्तर. पोराला ठेवायला आलोय. जाता जाता हातभार लावला.”

त्या गृहस्थांनी घड्याळ खिशात टाकलं. मग ते पोरांना म्हणाले, “बरं, पुरे आजच्यापुरतं.” पोरांनी आम्हाला जवळजवळ उचलूनच मेसमध्ये नेलं. भात, आमटी, वांग्याची भाजी. आबांच्या ताटात वाढणारे तीन हात. इर्जिकीच्या जेवणासारखंच जेवण, एकमेकांच्या अंगावर ओरडत. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, “हितंच,” आणि माझं गुलमोहराचं झाड तिथंच वठलं.

खरी गोष्ट मला त्याच आठवड्यात समजली. खोलीत मी, एक अबोल कोकणी मुलगा आणि तो रुळावरचा खानदेशी, असे तिघं होतो. ती इर्जिक कसली! पोरांनी सकाळी उठवणारी घंटा काढून विहिरीत टाकली होती आणि त्या चष्मेवाल्या रेक्टरनी त्याची शिक्षा म्हणून दोन दिवस मैदान साफ करायला लावलं होतं. आबांनी हात लावल्यावर रेक्टरना परक्या म्हाताऱ्यासमोर कसंनुसं झालं आणि शिक्षा तिथंच संपली. ते तीन हात वाढत होते ते त्या सुटकेच्या आनंदात. खानदेश्यानं हे सगळं अभिनयासकट सांगितलं, आबांच्या ‘हुर्र’सकट, आणि सारं वसतिगृह लोळून हसलं. त्या दिवसापासून माझं नाव ‘इर्जिक’ पडलं.

मी हसलो नाही. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात माझ्या बापाची नक्कल. मी त्या दोघांशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. रविवारी मनोऱ्याच्या कॉलेजावरून मुद्दाम चक्कर मारून यायचो आणि त्या खिडक्यांकडं बघून अधिकच जळायचो. एका अडाणी चुकीपायी मी इथं येऊन पडलो होतो. दिवाळीला आबांना सगळं सांगायचं आणि दुसऱ्या टर्मला तिकडं जायचं, असं मी पक्कं केलं. पण सांगायचं तरी कसं, हाही घोर होताच. जी इर्जिक बघून त्यांनी मला परमुलखात सोडलं, ती इर्जिक नव्हतीच, असं कळलं तर ते मला दुसऱ्या कॉलेजात कशाला घालतील? सरळ घरी नेतील आणि नांगराला जुंपतील.

याच रागात असताना भाद्रपदात मला ताप भरला. पहिल्या दिवशी मी डोक्यावरून घोंगडी घेऊन पडलो. खानदेशी म्हणाला, “इर्जिक रुसलाय,” आणि दोघं तासाला गेले. दुसऱ्या दिवशीही मी काही बोललो नाही. तोंड कडू झालं होतं, छत गरगरत होतं, आणि मी मात्र मनात म्हणत होतो, बघू तरी कुणाला कळतंय. कुणाला कळणार होतं? दोन माणसं माझ्यापासून चार हातांवर झोपत होती आणि त्यांना वाटत होतं मी फुगून बसलोय. तिसऱ्या दिवशी दुपारी खानदेशी रॅकेट घेऊन खेळायला निघाला. तो उंबऱ्यात पोचला आणि मला एकदम थोरला आठवला. मी भ्यालो. इतका भ्यालो, की मान गेला तरी चालेल पण आता बोलायचं, असं झालं.

“अरे,” मी म्हटलं, “मला बरं नाही.”

तो परत आला, माझ्या कपाळाला हात लावला आणि रॅकेट भिंतीवर फेकली. “गाढवा! तोंड काय शिवलं होतं का तुझं?” मग टांगा, मग डॉक्टर. मुदतीचा ताप निघाला. पुढले तीन आठवडे त्या वसतिगृहात खडूनं दारावर पाळ्या लिहिल्या होत्या. पेज कुणी आणायची, पट्ट्या कुणी बदलायच्या. अबोल कोकणी मुलगा तर माझ्याजवळ बसून धडे मोठ्यानं वाचायचा, म्हणजे माझाही अभ्यास बुडू नये. घरी कळवू नका म्हणून मी सगळ्यांना शपथ घातली होती.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा लवकर पिकणारं हळवं भात कापून खळ्यावर आलं होतं. आईनं मला बघून, “ह्ये काय झालंय रं तुझं, हाडाची काडं?” म्हटलं. मी अभ्यासाचं नाव पुढं केलं. आबा माझ्या मनगटांकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच खळ्यावर भात झोडत होतो. मी पेंढी खाली ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं, “आबा, ती इर्जिक नव्हती. पोरांना शिक्षा झाली व्हती.”

आबांनी हातातली पेंढी झोडून पुरी केली. “ठावं हाय,” ते म्हणाले. “इर्जिकीला घड्याळ बघत कुणी हुबं ऱ्हातंय व्हय? रूळ धरल्यावर त्या मास्तरच्या हाताकडं ध्यान गेलं माजं.”

मी त्यांच्याकडं वळलो. “मग तुमी ‘हितंच’ का म्हणाला?”

आबा खाली बसले. मुंबईचं ते मला पहिल्यांदाच सांगत होते. “थोरल्याच्या खोलीत बारा जणं व्हती. बंद दार न्हाई, काय न्हाई. मी गेलो तवा समदी रडली रं. वाईट नव्हती माणसं. पर त्यानं कुणाला सांगितलंच न्हाई. लाजाळू. पाळी बदलली की जो तो कामाला, त्यांना वाटलं झोपलाय.” त्यांनी खळ्यावर सांडलेले दाणे हातानं गोळा केले. “जागा चांगली असून भागत न्हाई, ह्ये मला तवाच कळलं. मी तितं जागा बघाय आलो न्हवतो. तुला बघत व्हतो. परक्या माणसात जाऊन हात लावतोस का न्हाई. लावलास. उशिरानं लावलास, पर लावलास.”

मी मान खाली घातली. मनोऱ्याच्या कॉलेजाचं जे बोलायचं होतं ते ओठांवरसुद्धा आलं नाही. मला फार लाज वाटत होती, आणि आबांबद्दल इतकं भरून आलं होतं की ते लपवायला मी दुसरी पेंढी उचलली.

“ताप व्हता न्हवं तुला?” आबांनी विचारलं.

“व्हय. मुदतीचा.”

“कितव्या दिशी सांगितलंस पोरांना?”

खोटं बोलता आलं असतं. “तिसऱ्या,” मी म्हटलं.

आबांनी डोळे मिटून घेतले. मग उठले, माझ्या हातातली पेंढी काढून घेतली आणि म्हणाले, “पुढल्या टर्मला पयल्याच दिशी सांगायचं.”