एर्मेलिंदाच्या दोरीवरचे शर्ट

लिस्बनच्या आमच्या अल्फामा वस्तीत कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारावं लागत नाही. मान वर करून दोरीवरचे कपडे बघायचे. दुपटी दिसली की बाळ आलं, बाप्याचे शर्ट दिसले की नवरा बोटीवरून परतला. माझ्या खानावळीसमोर राहणाऱ्या एर्मेलिंदाच्या दोरीवर मात्र चाळीस वर्षं नुसतं काळं. तिचा आदेलिनो मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच. बोट बुडाली, प्रेत काही सापडलं नाही. सासूने नि पाद्रीबाबाने मिळून तिला काळे कपडे घालायला लावले. तिने घातले. पण दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड बसवायचं कुणी काढलं की म्हणायची, आधी प्रेत दाखवा.

मग तिची इमारत विकली गेली नि तिथे हॉटेल झालं. मोजक्याच खोल्या, पितळी नळ, पाहुणे सगळे गडगंज. बाकीचे भाडेकरू गेले, ही हलली नाही, आणि म्हातारीला कायद्याने काढताही येईना. दुसऱ्या मजल्यावर ही, शेजारी-वर-खाली हॉटेल. दोरीचं एक टोक हिच्या खिडकीशी, दुसरं हॉटेलच्या.

तिथला मॅनेजर दुआर्त एकदा तिला सांगायला आला की काळ्या कपड्यांनी फोटो बिघडतात, जरा रंगीत काही वाळत घाला. हिने त्याच्या तोंडावर खिडकी आपटली. बरं वाटलं मला.

गेल्या आठवड्यात ती सेतुबालला बहिणीकडे गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दार उघडलं नि बघतच राहिले. तिच्या दोरीवर बाप्याचे शर्ट. निळा, पांढरा, एक पट्ट्यापट्ट्यांचा. वर विजारही. अगं बाई, ह्या वयात? मासळीवालीने छातीवर क्रूस काढला. दुपारपर्यंत गल्लीने तिच्यासाठी नवराही ठरवून टाकला, ट्रामचा तो रिटायर्ड ड्रायव्हर.

मला राहवेना. मी तडक हॉटेलात गेले. दुआर्तला हसू आवरत नव्हतं. म्हणाला, "फोटोवाले आलेत, ग्रासिएतबाई. जुन्या लिस्बनचा थाट हवा ना त्यांना. शर्ट मीच आणलेत, कोरे."

मेल्याची मी चांगली खरडपट्टी काढली. आत्ताच्या आत्ता उतरव म्हटलं. संध्याकाळी उतरवतो म्हणाला.

मी बाहेर पडले तर समोर एर्मेलिंदा. बहिणीशी भांडून आधीच परतलेली, हातात पिशवी, नजर वर दोरीकडे. आता ही गल्ली डोक्यावर घेणार असं मला वाटलं. पण राग नव्हताच तो. तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"कधी आला?" तिने मला विचारलं.

कोण, ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ती जिन्यात होती. एरवी कठड्याला धरून चढणारी बाई, धावत गेली. खिडकीतून तिची हाक खाली आली, आदेलिनो, आदेलिनो. हॉटेलच्या दारात दुआर्तचा चेहरा पांढराफटक पडला.

मी धापा टाकत वर पोचले तोवर तिने स्वयंपाकघर बघितलं होतं, निजायची खोली बघितली होती. दोरी ओढून तिने निळा शर्ट काढला, खांद्यांवर पंजे पसरून मापून बघितला.

"हा त्याचा नाही गं," ती म्हणाली. "त्याला हा ढगळ होईल."