एल्डनची रायफल आणि एल्डनचे कान

माझ्या मेहुण्याचे कान प्रोपेनच्या गाडीने घालवले, असं तो सांगतो. एकतीस वर्षं त्याने नेब्रास्काच्या या कोपऱ्यातल्या शेतघरांना गॅस पोचवला आणि गाडीवरचा पंप बोंबलतो, हे खरं आहे. पण त्याच एकतीस वर्षांत हा माणूस दर रविवारी कान उघडे ठेवून बंदुका उडवत होता, ते तो सांगत नाही. तेव्हा कानात बोळे घालणारा म्हणजे बुळा, असं आम्ही समजायचो. आता आम्ही सगळे म्हातारे एकमेकांना 'काय? काय?' करत बसतो.

त्याचं नाव एल्डन कुबिक. माझी थोरली बहीण रोझेला त्याच्याशी लग्न करून बसली त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. तो निवृत्त झाला तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. कंपनीने निरोपाचे पैसे दिलेत ना, त्यातून कानाचं यंत्र घे. एल्डनने मान डोलावली, म्हणजे त्याला ऐकू आलं असावं. गुरुवारी तो कानाच्या डॉक्टरकडे म्हणून गावात गेला आणि संध्याकाळी हातभर लांब नव्हे, चांगला छातीएवढा खोका घेऊन परत आला.

"हे काय आणलंस?" रोझेला ओरडली.

"अठराशे त्र्याहत्तर!" एल्डन म्हणाला, जणू तिने सालच विचारलं होतं.

अठराशे त्र्याहत्तर सालच्या रायफलची ती नक्कल होती, इटलीत बनवलेली. आठकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता, आणि खाली तो दांडा. दांडा पुढे ढकलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत जाऊन बसतं. लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरायचा. मी बहिणीच्या बाजूने चार खडे शब्द सुनावायला गेलो होतो. रायफल हातात घेतली आणि ते शब्द कुठे गेले कळलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

आमचा एक क्लब आहे. महिन्यातून एकदा आम्ही दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून, लोखंडी पाट्यांवर गोळ्या झाडत, घड्याळाशी शर्यत लावतो. प्रत्येकाला एक टोपणनाव लागतं आणि ते देशभरात दुसऱ्या कुणाचं असून चालत नाही. एल्डनला काहीतरी भयंकर हवं होतं. भयंकर नावं सगळी संपलेली होती. शेवटी तो 'प्रोपेन पीट' झाला आणि वर्षभर माझ्याशी धुसफुसला, जणू बाकीची नावं मीच वाटून टाकली होती.

या जातीच्या रायफलची काडतुसं दुकानात मिळाली तर मिळाली, त्यामुळे ती घरीच भरायची. उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी टोपणं गोळा करायची, धुवायची, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापाने दारू ओतायची आणि वरून शिशाची गोळी दाबून बसवायची. सांगायला सोपं आहे. त्या टोपणांचं तोंड इतकं पातळ असतं की जरा वाकडं गेलं की चुरगळलं. पहिल्या दिवशी एल्डनने चाळीस चुरगळली आणि प्रत्येक टोपणाला वेगळी शिवी दिली. गॅरेजमधून त्या शिव्या रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या. स्वतःचा आवाज किती मोठा आहे, हेही त्याला आता कळत नसे.

पण शिकला. हिवाळाभर त्याने दुसरं काही केलं नाही. एप्रिलच्या सामन्यात आपल्या वयाच्या गटात पहिला यायचं, हे एकच खूळ डोक्यात. मार्चच्या शेवटी एका दुपारी तो लाकडी फळीत पन्नास टोपणं उभी करून दारू भरत होता, तेव्हा रोझेलाने मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एल्डन टुणकन उडाला.

"मोजणी चुकवलीस ना माझी!" तो खेकसला. "काय गं, आग लागलीये का?"

रोझेला आत गेली. अशा वेळी शहाणा माणूस टॉर्च घेऊन एकेका टोपणात डोकावतो. चिडलेला माणूस जिथे होतो असं वाटतं तिथून पुढे चालू करतो. एल्डन चिडलेला होता. हे त्याने स्वतःच मला नंतर सांगितलं.

सामन्याच्या दिवशी घड्याळ माझ्या हातात होतं. घड्याळ 'टीं' वाजलं की नेमबाजाने सुरू करायचं. एल्डनला 'टीं' ऐकू येत नसे, म्हणून आमचं ठरलेलं होतं. वाजलं की मी त्याच्या खांद्यावर थाप मारायची. थाप म्हणजे चल.

मी थाप मारली. एल्डन सुटला. एक, दोन, तीन, चार, पाच, पाट्या नुसत्या घणघणत होत्या. खरं सांगतो, इतकं सुंदर मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. सहाव्याला ठो झालं नाही. फुस्स झालं.

त्या काडतुसात दारू नव्हती. नुसत्या बुडातल्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. तिच्यामागे आता दुसरी सोडली तर नळी फाटणार, आणि नळीपासून वितीवर एल्डनचं तोंड होतं. आवाज ऐकणारा माणूस फुस्स झालं की थांबतो. एल्डनने दांडा ओढला.

"थांब!" मी ओरडलो. सगळं मैदान ओरडलं. त्याला काय त्याचं! मग मी अशी अक्कल चालवली की आठवलं तरी अजून घाम फुटतो. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

थाप म्हणजे चल. एल्डन अजून जोरात चालला, त्याने रायफल गालाला लावली.

मी दोन्ही हातांनी त्याची ती रुंद काठाची टोपी हनुवटीपर्यंत खाली खेचली. दिसेनासं झाल्यावर मात्र चाप न ओढण्याइतपत तो शहाणा आहे, देवाची कृपा.

"व्हर्न, हरामखोरा!" टोपीच्या आतून आवाज आला. "जिंकत होतो मी! तुझ्या पोटात दुखायला लागलं होय?"

मी रायफल काढून घेतली, रिकामी केली, पुढून नळीत पितळी गज घातला. गज निम्मा आत गेला आणि थांबला. एल्डनने पाहिलं. मग तो बाकावर बसला.

सामना बघायला आलेली रोझेला मागून आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माफी मागणं एल्डनच्या रक्तात नाही, म्हणून तो तिच्यावर ओरडला, "त्या दिवशी तूच आलीस मध्ये! असं काय सांगायचं होतं एवढं?"

रोझेला त्याच्याशेजारी बसली. ती ओरडली नाही. ती साध्या आवाजात बोलली, आणि तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

"अंगणावरून क्रौंच पक्षी उडत चालले होते, शेकड्यांनी. तुला दाखवायचे होते. चार हाका मारल्या. हल्ली जे ओरडून सांगण्याजोगं नसतं ते मी तुला सांगतच नाही, एल्डन. तुला कळलंसुद्धा नाही."

एल्डन तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "काय म्हणाली ती?"

मी गज बाहेर काढून पुसायला लागलो. त्याने पुन्हा विचारलं, मी गज पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोंबललो, "तुझ्या कानांनी ऐक, गाढवा!"

मंगळवारी तो डॉक्टरकडे गेला. यंत्र बनून यायला तीन आठवडे लागले. ते आणलं त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. एल्डनने रोझेलासमोर खुर्ची ओढली, आवाज बारीक करून, शाळेतल्या पोरासारखं म्हणाला, "आता बोल."

रोझेलाने गॅस बंद केला आणि बोलायला लागली. मी तासभर वाट पाहिली आणि उपाशीच घरी आलो.