उंचीप्रमाणे हवा

कोल्हापुरात पंगतीला वाढताना हात आखडता घेतला, तर पाहुणा ते जन्मभर लक्षात ठेवतो. मी कागलची, माझंही वाढणं सढळच. पण आयसीयूत चोवीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला हवा अशी भरभरून वाढायची नसते. आजारी फुप्फुस जास्त हवेनं ताणलं जातं, कधी फाटतंसुद्धा. हे मी डॉक्टरांनाही तोंडावर सांगते. फटकळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती काही खोटी नाही.

गेल्या वर्षी हुपरीचे एक चांदी कारागीर न्यूमोनियानं आमच्याकडे आले. पैंजण घडवत सारा जन्म बैठ्या कामात गेलेला, त्यामुळे वजन चांगलं शंभर किलोच्या वर. श्वास पुरेना म्हणून घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांनी ते वजन बघून एका श्वासाला सहाशे मिलीलीटर हवा ठरवली. मशीनचा अलार्म लगेच वाजायला लागला. छातीत दाब वाढला होता.

"सर, यांची उंची मोजलीय का?" मी विचारलं.

"सिस्टर, माणूस केवढा आहे, बघताय ना?"

"बघतेय म्हणूनच विचारतेय. फुप्फुस उंचीप्रमाणे असतं, अंग सुटलं म्हणून ते मोठं होत नाही."

ते चिडले. मी वाद घालत बसले नाही. खिशात मी शिंप्याकडची टेप ठेवते, ती काढली आणि पेशंटच्या डोक्यापासून टाचेपर्यंत लावली. पाच फूट एक इंच. डॉक्टरांनी कागदावर आकडेमोड केली आणि हवा जवळजवळ निम्म्यावर आणली. मिनिटाला श्वास तेवढे थोडे वाढवले. अलार्म थांबला. मी मनातून फुशारले, खोटं कशाला बोलू.

दुपारी भेटीच्या वेळेला त्या कारागिरांची बायको आत आली. पलंगापाशी उभी राहून तिनं बराच वेळ नवऱ्याच्या छातीकडे बघितलं.

"काय केलंसा ओ? सकाळी छाती कशी भरून येत हुती. आता निस्ती हलतीया."

"हवा कमी केलीय, वहिनी. लई दिली तर फुप्फुस फाटंल."

"एवढं दांडगं मानूस हाय. तुमच्या घरातलं असतं, तर एवढीच दिली असतीसा व्हय?"

"एवढीच दिली असती."

तिला ते पटलं नाही. बाहेरच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी, हवा कमी केल्यामुळे, रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला आला. एवढा चालेल, फुप्फुस जपणं महत्त्वाचं, असं डॉक्टर म्हणाले. मलाही ते ठाऊक होतं, तरी एकच विचार मनात येत राहिला. या माणसाचं काही बरंवाईट झालं, तर नर्सनं हवा तोडली असं सगळी हुपरी म्हणणार. आणि माझंच चुकलं असेल तर? तीन दिवस मला जेवण गेलं नाही. पण ड्युटी बदलताना प्रत्येक नर्सला मी हवेचा तो आकडा बजावून सांगितला आणि कुणाला वाढवू दिला नाही.

चौथ्या दिवसापासून ऑक्सिजन कमी लागायला लागला. नवव्या दिवशी नळी काढायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरांनी कारागिरांच्या बायकोला बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "पहिल्या दिवशी मी हवा जास्त लावली होती. चूक माझी. या सिस्टरनी ती दाखवली."

नातेवाइकांसमोर कुणा डॉक्टरनं असं बोलल्याचं मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. चोवीस वर्षांचा पगार एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला.

नळी निघाली, मशीन बाजूला केलं, तेव्हा बायको पुढं झाली. नवऱ्याच्या छातीवर तळवा ठेवून उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत होतो. हात हळूहळू वर येत होता, खाली जात होता.

"थोडं थोडंच घेत्यात," ती म्हणाली, "पर त्येंचं तेच घेत्यात."