पोपटी दोऱ्याची कुंची

कुठलीही वस्तू हातात आली की मावशी ती आधी उलटी करायच्या. साडी असो, पिशवी असो, बाजारातला वांग्यांचा वाटा असो. "वरनं समदंच बरं दिसतंय," म्हणायच्या, "उलटं करून बगावं." माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना रेशनकार्डाची झेरॉक्स काढून दिली, तर तीही उलटी केली आणि म्हणाल्या, "ही बाजू कोरीच ऱ्हायली की." ती कोरीच असते, असं मी सांगितलं. "मग आर्दा कागुद वायाच की," म्हणत त्यांनी तो पिशवीत ठेवला. माझं म्हणणं काही त्यांना पटलेलं दिसलं नाही.

माझं दुकान नसरापूरला, एसटी थांब्याजवळ. झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज, दाखले, आधारची दुरुस्ती. मावशी पासलीच्या, म्हणजे वेल्ह्याच्याही पुढच्या, डोंगरातल्या. बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीने यायच्या आणि परतीची गाडी लागेपर्यंत माझ्याकडच्या बाकावर बसायच्या. भाताच्या लावणीचे दिवस सोडले तर त्यांचा बाजार चुकत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं काम पाच मिनिटांचं असतं, पण ती उठून गेली की दुकान रिकामं वाटतं.

त्या पहिल्या दिवशी रेशनकार्ड काढताना त्यांच्या पिशवीतून एक कुंची बाहेर आली. नात्यातल्या बारशाला चालली होती. जांभळा खण, हिरवा काठ, डोक्यावरून येऊन बाळाच्या पाठीवर पदरासारखी सोडलेली. मी ती हातात घेऊन वरून बघत राहिले. मावशींनी माझ्या हातातून काढून घेतली, उलटी केली आणि परत दिली. आत जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर होतं आणि बोट फिरवलं तरी कुठे गाठ लागत नव्हती.

"बाळ काय वरनं बगतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "त्याला आतलीच बाजू लागती."

तेव्हा हाताने केलेल्या वस्तू विकण्याची एक वेबसाईट नव्यानेच सुरू झाली होती. अगदी साधी. वस्तूचा फोटो टाकायचा, करणाऱ्याने स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या. मी मावशींना विचारलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तरी पुढच्या बाजाराला तीन कुंच्या घेऊन आल्या, त्यात एक तशीच जांभळ्या खणाची, हिरव्या काठाची. माझ्या काउंटरवर पांढरा कागद अंथरून मी फोटो काढले. मजकूर त्यांनी सांगितला आणि मी तो शब्दाला शब्द लिहिला, कारण त्यांनी तो बदलू दिला नाही. "लिव्ह पोरी, अस्तर जुन्या लुगड्याचं हाय. नवं समजून फसू नका. आणि लिव्ह, डोस्क्याचं माप कळवल्याबिगर शिवणार न्हाई."

खरंच शिवायच्या नाहीत. मग नागपूरच्या, बेळगावच्या, कुठल्या कुठल्या आया बाळाच्या डोक्याला दोरा गुंडाळून, तो पट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवू लागल्या. मावशी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून माप घ्यायच्या. मी म्हणायचे, स्क्रीनवर मोठं दिसतं मावशी, आकडा बघा. "आकडा हाय त्ये ठीक, पर डोस्कं गोल हाय का लांबुडकं त्ये कुठं कळतंय?" मग तेही विचारून घ्यावं लागे. एकीचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं होतं. तिने पाठवलेलं माप मावशींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पुढच्या बाजाराला मुठीएवढी कुंची घेऊन आल्या. घरातल्या देवाच्या लहान तांब्यावर चढवून मापात बसवली होती. ते बाळ जगलं. त्याचा फोटो आला तेव्हा मावशींनी तो बाकावर बसलेल्या सगळ्यांना दाखवला, त्यात सातबाराच्या उताऱ्यासाठी आलेले एक गृहस्थ होते, त्यांनाही.

त्या दिवसांत शोधायच्या चौकटीत 'कुंची' लिहिलं की मावशींची कुंची पहिली नाहीतर दुसरी यायची. कुंच्या करणाऱ्या होत्याच चार-पाच जणी. मावशी आल्या की मला ते करून दाखवायला लावायच्या. "काढ बरं," म्हणायच्या. मी लिहायचे, कुंची यायची, आणि गाडी लागल्याचा आवाज आला तरी त्या एकदा आणखी बघून घ्यायच्या.

मग ती वेबसाईट कुणीतरी मोठ्याने घेतली. तुमचं दुकान वाढवा, पुढे या, असे निरोप रोज येऊ लागले. 'कुंची' लिहिलं की आता वर रंगवायचे कुंचले यायचे, नाहीतर चावीच्या साखळ्या, मग लोकरीच्या टोप्या. एकदा तर अंघोळीनंतर घालायचे मोठ्या माणसांचे झगे आले. मावशी खूप हसल्या. "ह्यो कुणाच्या बारशाला घालायचा?" मग चष्मा सारखा करून विचारलं, "आपली कुठं हाय?" मी खाली खाली सरकवत राहिले. बऱ्याच वेळाने सापडली.

"पर तू तर कुंचीच लिवलं हुतं न्हवं?"

मी समजावलं की वर दिसायचं असेल तर आता वेबसाईटला पैसे भरावे लागतात.

"म्हंजे मानूस इचारतंय येक आणि ह्यो दावतोय दुसरंच," त्या म्हणाल्या. "मग ह्यो हुडकत न्हाई, पोरी. ह्यो ढकलतोय."

आपणही भरून बघू, किंवा निदान वर 'बेबी कॅप' असं लिहू, असं मी सुचवलं. "कुंचीला कुंची न्हाई म्हणायचं तर शिवायची कशाला?" एवढंच म्हणाल्या. मागणी कमी होत गेली. महिन्याला एखादी, मग तीही नाही. त्या मात्र बाजाराला येत राहिल्या, आणि विचारत राहिल्या, "कुणाचं माप आलं का?"

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

वरवे बुद्रुकच्या बाजूला एकाने लहान मुलांचे कपडे शिवायचं छोटं युनिट टाकलं होतं. दहा-बारा मशीन. तो माझ्याकडे आला आणि त्याच वेबसाईटवर त्याचा माल चढवायचं काम त्याने मला दिलं. दर आठवड्याचं, बांधलेलं काम. मला ते हवं होतं. त्याच्या मालात साटिनच्या कुंच्या होत्या. फोटो त्याने मोबाईलवर घाईत काढलेले, सगळे धूसर, वेबसाईट ते घेईना. फोटोची चौकट रिकामी राहिली की पान पुढे जात नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मावशींच्या कुंचीचा फोटो होता. मी तो टाकला. दोन दिवसांत त्याचे चांगले फोटो घेऊन बदलू, असं ठरवलं. खाली 'हाताने शिवलेली' असा एक पर्याय होता, त्यावरही खूण केली, कारण त्याशिवाय वेबसाईटच्या हातकामाच्या भागात माल दिसत नव्हता. त्याने पैसे भरले होते. त्याची कुंची वर आली.

फोटो बदलायचा राहून गेला. किती महिने राहून गेला ते मी तेव्हा मोजलं नाही.

एका बाजाराला मावशी नेहमीसारख्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या पानावर निरोप आलेला दिसला म्हणून मी आनंदाने मोठ्याने वाचायला लागले. निरोप सोलापूरच्या एका बाईचा होता. पहिल्या बाळाच्या वेळी तिने मावशींकडून कुंची घेतली होती. दुसऱ्या बाळासाठी शोधलं, तोच फोटो दिसला, मागवली. आली ती साटिनची. आतली शिवण टोचून बाळाच्या मानेवर पुरळ उठलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "आजी, तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं." हे वाक्य मी वाचलं नाही. त्याच्या आधीच थांबले.

"फुडं वाच," मावशी म्हणाल्या.

मी वाचलं.

"बगू कुठला फोटू."

मी त्या युनिटवाल्याचं पान उघडलं. मावशी उठून स्क्रीनपाशी आल्या. मग काठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही माजी हाय. हितं हिरवा दोरा संपला म्हून म्या पोपटी घातला हुता." त्यांनी बोट उचललं नाही. "ह्यो फोटू तुज्याकडंच हुता न्हवं?"

मी हो म्हणाले.

दुकानात आणखी दोघं जण होते. मावशींनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली घेतला. "तिला लिव्ह, आजी दुसरी पाठवतीया. माप तेवडं कळीव."

"चूक माझी आहे असं लिहिते मावशी."

"न्हाई. तुजं नाव घालू नगं. तुज्या दुकानाचं नाव त्येच्यात यायचं." त्यांनी पिशवी उचलली. गाडीला अजून वेळ होता, तरी त्या थांब्यावर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या.

पुढच्या बाजाराला कुंची आणली. पिवळा खण, लाल काठ. नेहमी मी बांधायचे ते पार्सल त्यांनी घरूनच बांधून, टाके घालून आणलं होतं. "पत्ता तेवडा घाला मॅडम," म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यानंतर त्या मला मॅडमच म्हणत राहिल्या. रागावून नाही. बँकेत, कचेरीत म्हणतात तसं, अहो-जाहो करून. बाकावर बसायच्या, पाणी मागून प्यायच्या, माझ्या मुलीची चौकशी करायच्या. पोरी मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही, आणि मलाही ते मागून घेता आलं नाही.

निरोप आला त्याच दिवशी मी त्या पानावरून फोटो काढला. युनिटवाल्याला खरं सांगितलं, तो दुसरीकडे गेला. लाजेने माझ्या कॉम्प्युटरमधूनही तो फोटो पुसून टाकला, मोबाईलमधूनही. वाटलं, निदान आता तो कुठे जाणार नाही. पण तोवर तो दुसऱ्या विक्रेत्यांनी उचलला होता. मी वेबसाईटकडे तक्रार केली. पानावरचा फोटो चालणार नाही, तो तुमचाच असल्याचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यातला मूळ फोटो जोडा, असं उत्तर आलं. पुरावा मी स्वतःच पुसला होता. पुढे मावशींचं पानही, बरेच दिवस विक्री नाही म्हणून, त्यांनी बंद केलं. मी त्यांना ते सांगितलं नाही. त्यांनीही माप आलं का, असं विचारणं सोडलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या तीन बाजार आल्या नाहीत. चौथ्या बाजाराला त्यांची सून आली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. काउंटरवर कागद ठेवून म्हणाली, "ह्येच्या पाच झेरॉक्स द्या." मृत्यूचा दाखला होता. नाव वाचलं तेव्हा मला कळलं.

"आत्या गेल्या," ती म्हणाली. "थंडीताप आला हुता. वेल्ह्याला दवाखान्यात नेलं, चार दिस हुत्या."

मी झेरॉक्स काढत होते, हात चालत होते. ती थोडी घुटमळली. "ताई, येक इचारू का? माज्या लेकीला सातवा चाललाय. आत्यांच्या हातची येखादी कुंची घरात असंल म्हून ट्रंका हुडकल्या, माळा काढला. येकबी न्हाई. समद्या दुसऱ्यांला गेल्या. तुमच्याकडं फोटू हुता म्हणं. बगून शिवीन म्हणते."

माझ्याकडे फोटो नव्हता. तिला बसवलं आणि चौकटीत 'कुंची' लिहिलं. कुंचले आले, टोप्या आल्या. मी खाली सरकवत गेले. मग ती आली. जांभळा खण, हिरवा काठ. थोडं खाली पुन्हा तीच. आणखी खाली पुन्हा. एका विक्रेत्याने फोटोच्या बाजू कापल्या होत्या, एकाने रंग इतका उजळवला होता की जांभळ्याचा निळा झाला होता, एकाने कुंचीखाली कुठल्या तरी गोऱ्या बाळाचा चेहरा चिकटवला होता. प्रत्येकीखाली वेगळ्या दुकानाचं नाव.

"ह्या समद्या आत्यांच्या?"

"कुंची एकच आहे. फोटो सगळ्यांनी घेतलाय."

"आणि त्यांचं नाव?"

मी शेवटपर्यंत सरकवलं. "नाही."

मग मी तिला सांगितलं, तो फोटो पहिल्यांदा माझ्याकडूनच गेला. कसा गेला तेही सांगितलं. ती ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "आत्यांनी घरात कदी काढलं न्हाई ह्ये," एवढंच म्हणाली.

त्यातल्या त्यात न बिघडवलेला फोटो निवडून मी तो रंगीत छापून दिला. तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. "केवढी हाय ती? कळत न्हाई ह्याच्यात."

मी दोन्ही हात समोर धरले. एवढी, म्हणाले. मग वाटलं, जास्त झालं. हात जवळ घेतले. पुन्हा जरासे लांब केले. इतक्या वेळा हातात घेतलेली वस्तू, आणि मला नक्की आठवत नव्हतं. तिने माझ्या दोन हातांमध्ये आपली वीत ठेवली, एक वीत आणि वर चार बोटं. वेल्ह्याची गाडी लागली होती. दाखले आणि फोटो पिशवीत टाकून ती निघाली. एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हाताची बोटं तिने तशीच ताणून धरली होती, आणि तशीच धरून ती गर्दीतून गाडीत चढली.