मासोळ्यांचं ग्रहण

आमच्या नालवाडीत रूपरावांना लोक येडा म्हणत. मीही म्हणायची, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायची. आमची आणि त्यांची विहीर एकच, दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये. उन्हाळ्यात तिचा तळ दिसू लागला की आम्ही बाया एकेका गुंडभर पाण्यासाठी ताटकळत उभ्या, आणि हे बावा बादलीमागून बादली काढून घरात नेत. कशाला? तर मासोळ्यांचं पाणी बदलायला!

"माणसाले प्यायले पाणी नाई, अन् तुमी मासोळ्यायले पाजून राह्यले, भाऊजी," असं म्हटलं की ते नुसते हसायचे. भांडणारा माणूस परवडला, निदान भांडण संपतं तरी. हसणाऱ्याशी काय बोलायचं?

रूपराव वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. त्यांची बायको कोकिळा. विहिरीवर आधी तिचा आवाज यायचा, मग ती यायची. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाची म्हैस आटली, सगळं तिला ठाऊक. धुणं माझ्याआधी काढायची आणि माझं वाळलं तरी तिचं दगडावरच, एवढी बोलायची. मी बालवाडीत पोरं सांभाळायची, पण दिवसभराची करमणूक मला त्या विहिरीवरच मिळायची.

शहात्तर सालच्या पोळ्याच्या सुमारास तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हिला कोंडून ठेवू नका, उन्हात बसवा, चार माणसांत आणा. पण कोकिळा ऐकेल तर शपथ! "असं थोबाड घेऊन विहिरीवर जाऊ? बाया पदराआड हासतीन." मधल्या खोलीत बाज टाकून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी भेटायला गेले की डोक्यावरून पदर ओढून घ्यायची. मला तिचा राग यायचा आणि घरी येऊन रडूही यायचं.

रूपरावांनी नागपुरात कुठेतरी काचेची मासोळ्यांची पेटी पाहिली होती. त्यांनी स्वतः लोखंडी अँगल जोडले, काचा बसवल्या, सांधे पुट्टीने बुजवले आणि चांगली बाजेएवढी लांब पेटी करून कोकिळेच्या उशापायथ्याला पुरेल अशी भिंतीला लावली. नागपूरहूनच नारिंगी मासोळ्या आणल्या. काही दिवस तिने डोळे मिटूनच घेतले. मग एकदा जेवताना एकदम म्हणाली, "जी, ते मोठी त्या लहानीले खाऊच देत नाई." रूपरावांनी घास हातात धरून मला हाक मारली होती, इतका आनंद!

पुढे तिने मासोळ्यांना आम्हा विहिरीवरच्या बायांची नावं ठेवली. सगळ्यांत जाडी, सारखी खाणारी जी होती, ती कौशल्या. म्हणजे मी! ऐकून मी फणकारले, पण ती वाकड्या तोंडाने हसली आणि माझा फणकारा तिथेच विरला.

आता ती खोली घराच्या पोटात. तिथे ना नळ, ना मोरी. विहिरीपासून यायचं तर आधी गोठा, मग न्हाणी, मग स्वयंपाकघर. रूपराव रबरी नळी तोंडाने ओढून पेटीतलं घाण पाणी बादलीत उतरवत, कधी कधी घोटभर तोंडात जायचं, थू थू करत ती बादली मागे नेऊन पपईला घालत. नवं पाणी आदल्या दिवशीच आणून खोलीत ठेवलेलं असे. ते थोडं थोडं ओतायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. पहिल्या दिवाळीला साफसफाईच्या नादात एकदा बदललं, तर सकाळी मासोळ्या उलट्या तरंगत होत्या. कोकिळा पुन्हा भिंतीकडे वळली. नव्या मासोळ्या आल्या तरी कितीतरी दिवस एका शब्दाने बोलली नाही. रूपराव तेव्हापासून त्या पाण्याला देवाच्या तीर्थासारखं जपत.

मग आलं ऐंशी सालचं सूर्यग्रहण. दुपारचं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे ग्रहण लागायच्या आधी पाण्यात, दुधात, लोणच्यात तुळशीचं पान टाकतात. ज्यात पान नाही ते ग्रहण सुटल्यावर ओतून द्यायचं. रूपरावांनी रांजणात पान टाकलं, दुधात टाकलं, बरणीत टाकलं. ग्रहण सुटल्यावर कोकिळेला आंघोळ घालायला मी गेले, तेव्हा तिने विचारलं, "पेटीत पान टाकलं होतं का जी?"

रूपरावांचा चेहरा उतरला. पेटीतलं पाणी हे पाणीच आहे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पेटीतलं कोण पिते?" ते म्हणाले.

"मासोळ्या काय हवा पितेत? ओता ते."

"मरतीन ना त्या!"

"मले का आनंद होऊन राह्यला?" ती रडायलाच लागली. "माह्यं अर्धं आंग गेलं. उरलेलं अर्धं घालवू का? या छपराखाली गिरानाचं पाणी राह्यलं त मी घोटभर पाणी घेणार नाई."

सकाळपासून ती उपाशी, औषधं तशीच पडलेली. "काई होत नाई वं, उगा येड्यासारखं करून राह्यली!" मी ओरडले. ती आपली छताकडे पाहत राहिली. हट्टी तर पहिल्यापासूनच.

रूपराव पेटीपाशी खाली बसले. काचेवर बोट टेकवून म्हणाले, "गिरान सुटल्यावर धाम नदी कोणी उपसते का?"

"नदीवर छप्पर हाये का?" कोकिळा म्हणाली.

"नाई," रूपराव उठले. "छप्पर नाई. बरोबर हाये तुह्यं."

विहिरीजवळ जनावरांचा सिमेंटचा हौद होता. तो त्यांनी उपसला, नारळाच्या काथ्याने घासला, धुतला. मग पेटीतलं पाणी बादलीत उतरवायला लागले. एरवी ते पपईला जायचं, आज हौदात. स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा, हौद. तेच शिळं, तेच मासोळ्यांच्या सवयीचं पाणी, फक्त आता आभाळाखाली. मी पदर खोचला आणि दुसरी बादली उचलली. बादलीवरून जन्मभर भांडलेली मी! शेवटी मासोळ्या घमेल्यात घेऊन रूपराव पावलं मोजल्यासारखे चालत गेले. कोकिळेने पेटीतलं पाणी संपल्याची खात्री करून घेतली, मग आंघोळ केली, मग पेज प्याली.

मासोळ्या जगल्या. पण बाजेजवळची पेटी रिकामी झाली आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसू लागली. दुसऱ्या दिवशी कोकिळा दर थोड्या वेळाने विचारत होती, लहानी दिसली का, मोठी तिला खाऊ देते का. दिसली, मी म्हटलं. "खोटं बोलते तू, कौशल्या," ती म्हणाली. खरंच, हौदाच्या सावलीत मला एकही दिसली नव्हती.

संध्याकाळी जिनातून येऊन रूपरावांनी बादली उचलली. थोडं थोडं पाणी भरून पेटी पुन्हा मांडू, म्हणाले. कोकिळा त्या बादलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कितीक दिवस पाणी माह्यापाशी आणसान जी? मलेच न्या न पाण्यापाशी."

रूपरावांच्या हातून बादली पडली. खोटं नाही सांगत, दणकन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाज उचलली. माझे मालक आणि शेजारचा हिरालाल पुढून, रूपराव मागून. स्वयंपाकघराच्या दारात बाज अडकली, तिरपी करावी लागली. विहिरीवर बाया होत्याच. कोकिळेने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. बाज हौदाला लावली. रहाटाचा दोर थांबला.

पण पदराआडून मासोळ्या काही दिसत नव्हत्या. तिने थोडा वर केला. मग आणखी थोडा. मग डाव्या हाताने पार खांद्यावर टाकला आणि हौदात वाकली. वाकडं तोंड, पांढरं पडलेलं, साडेतीन वर्षांनी उन्हात. कोणी हसलं नाही. मी तर खाली मान घालून धुणं आपटत होते.

"कौशल्या," ती पाण्यात बघत मला म्हणाली, "आटप लवकर. इतकी सालं झाली, अन् आता तुह्यं धुणं दगडावरच का वं?"